ओळंब्यापासून संवेदकापर्यंत : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील खाणी, बंधारे आणि औद्योगिक बांधकामांच्या निरीक्षणात उच्च अचूकतेच्या कलमापकांचे स्थान

सारांश

कोणतीही इमारत, खांब, चिमणी किंवा मातीचा उतार कोसळण्यापूर्वी बहुधा थोडासा कलतो. हा कल डोळ्यांना दिसण्याइतका मोठा होतो तेव्हा अनेकदा उशीर झालेला असतो. अंशाच्या हजाराव्या भागापर्यंतचा कल ओळखणारी उपकरणे आज उपलब्ध आहेत. त्यांना कलमापक संवेदक किंवा व्यवहारात 'टिल्ट सेन्सर' म्हणतात. प्रस्तुत लेखात या उपकरणांचे कार्यतत्त्व, त्यांच्या अचूकतेचा खरा अर्थ, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील त्यांची गरज आणि त्यांच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. घुग्घुस येथील भूस्खलनाची घटना (२०२२) आणि मेडीगड्डा बंधाऱ्याचे खांब खचण्याची घटना (२०२३) ही दोन उदाहरणे विवेचनाच्या केंद्रस्थानी आहेत.

प्रस्तावना

गवंडी भिंत रचताना दोन साधने जवळ बाळगतो. एक ओळंबा आणि दुसरी पाणसळ. दोरीला टांगलेले वजन पृथ्वीच्या केंद्राकडे ओढले जाते, म्हणून ओळंबा उभी रेषा दाखवतो. पाणसळीतील हवेचा बुडबुडा द्रवाच्या सर्वांत उंच भागी जातो, म्हणून ती आडवी पातळी दाखवते. दोन्ही साधनांचा आधार एकच, तो म्हणजे गुरुत्वाकर्षण. ही दिशा फुकट मिळते, कोठेही मिळते आणि कधी बिघडत नाही. आधुनिक कलमापकही हाच आधार घेतात. फरक एवढाच की गवंड्याची नजर जेथे थांबते तेथून त्यांचे काम सुरू होते.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे सर्वसाधारणपणे जंगलासाठी ओळखले जातात. परंतु याच प्रदेशात वर्धा खोऱ्यातील कोळसा क्षेत्र आहे, २९२० मेगावॉट क्षमतेचे चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्र आहे, गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस परिसरात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत, बल्लारपूरचा कागद कारखाना आहे आणि एटापल्ली तालुक्यात सुरजागडची लोहखाण आहे. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती व गोदावरी या नद्यांवर पूल व बंधारे आहेत. जमिनीखाली पोकळी, जमिनीवर डोंगराएवढे मातीचे ढिगारे आणि वाळूच्या पात्रात उभे केलेले खांब अशी तिहेरी परिस्थिती एकाच प्रदेशात क्वचितच आढळते. म्हणून 'काय कलते आहे आणि किती वेगाने' हा प्रश्न या भागात केवळ प्रयोगशाळेतील कुतूहलाचा राहत नाही. तो सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

लेखाची उद्दिष्टे

१. कलमापनाची एकके व कलमापकांचे कार्यतत्त्व सोप्या भाषेत स्पष्ट करणे.
२. अचूकता, विभेदनक्षमता व स्थिरता यांतील भेद समजावून सांगणे.
३. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे या तंत्राची उपयुक्तता व मर्यादा तपासणे.
४. स्थानिक पातळीवर करता येण्याजोग्या उपाययोजना सुचविणे.

कल म्हणजे काय व तो कसा मोजतात

एखाद्या पृष्ठभागाने आडव्या पातळीशी, किंवा एखाद्या खांबाने उभ्या रेषेशी केलेला कोन म्हणजे कल. तो अंशात मोजतात. एका अंशाचे ६० कोनीय मिनिटे व एका मिनिटाचे ६० कोनीय सेकंद होतात, म्हणजे एका अंशात ३६०० कोनीय सेकंद असतात. अभियंते 'मिलिमीटर प्रति मीटर' हे एकक पसंत करतात. एक मीटर लांबीत एक टोक एक मिलिमीटर वर गेले तर कल १ मिमी प्रति मीटर. अंशांत हा कोन सुमारे ०.०५७ अंश, म्हणजे सुमारे २०६ कोनीय सेकंद भरतो.

या आकड्यांचे महत्त्व एका उदाहरणाने लक्षात येईल. समजा, नदीपात्रातील २५ मीटर रुंदीचा काँक्रीटचा पाया एका बाजूने ५ मिलिमीटर खचला. डोळ्यांना यात काहीही दिसणार नाही. या खचण्याने झालेला कल ०.२ मिमी प्रति मीटर, म्हणजे सुमारे ०.०११५ अंश किंवा ४१ कोनीय सेकंद एवढाच आहे. पायावर २० मीटर उंचीचा खांब असेल तर त्याचे टोक केवळ ४ मिलिमीटर सरकेल. साध्या ओळंब्याने उघड्या नदीवर, वाऱ्यात, हे ४ मिलिमीटर विश्वासाने मोजणे कठीण आहे. पण एका कोनीय सेकंदाचा फरक ओळखणाऱ्या उपकरणाला ४१ सेकंद ही ठळक खूण आहे. 'उच्च अचूकता' या शब्दाचा व्यावहारिक अर्थ हाच. मिलिमीटरचे दुखणे मीटरचे होण्यापूर्वी ते कळणे.

कलमापकांचे प्रमुख प्रकार

(अ) द्रवाधारित कलमापक : हा पाणसळीचाच सुधारित अवतार आहे. काचेच्या वक्र नळीत विद्युतवाहक द्रव व एक बुडबुडा असतो आणि आत धातूची अग्रे बसवलेली असतात. उपकरण कलले की बुडबुडा सरकतो, अग्रांभोवतालच्या द्रवाचे प्रमाण बदलते आणि त्यांच्यातील विद्युत रोधही बदलतो. हा बदल मोजून कोन काढतात. मर्यादित कक्षेत हे उपकरण अतिशय सूक्ष्म फरक दाखवते. मात्र तापमानानुसार द्रवाचे आकारमान बदलत असल्याने त्याची काळजी घ्यावी लागते.

(आ) लंबकाधारित बलसंतुलित कलमापक : यात एक छोटा लंबक असतो. उपकरण कलले की लंबक जागेवरून हलू पाहतो. विद्युतचुंबकीय कुंडली त्याला पुन्हा मूळ जागी आणते. त्यासाठी जितका विद्युतप्रवाह लागतो तितका कल, असे हे गणित आहे. ही उपकरणे अचूक असतात, पण महाग व नाजूक असतात.

(इ) सूक्ष्म यांत्रिक-विद्युत कलमापक : यांना 'मेम्स' म्हणतात. सिलिकॉनच्या चकतीवर केसापेक्षा बारीक स्प्रिंगांनी तोललेले एक सूक्ष्म वस्तुमान कोरलेले असते. कल झाला की ते वस्तुमान किंचित सरकते आणि शेजारच्या पट्ट्यांमधील धारकता बदलते. भ्रमणध्वनी आडवा धरल्यावर पडद्यावरील चित्र फिरते, ते याच जातीच्या चिपमुळे. औद्योगिक दर्जाच्या चिपमध्ये गोंगाट फार कमी असतो व तापमानाची दुरुस्ती केलेली असते. तत्त्व मात्र तेच राहते.

(ई) प्रकाशतंतूवर आधारित कलमापक : यात कल झाल्याने प्रकाशतंतूवर येणारा ताण प्रकाशाच्या तरंगलांबीतील बदलावरून ओळखतात. विजेचा प्रवाह संवेदकापर्यंत न्यावा लागत नाही. म्हणून विजा पडणाऱ्या किंवा ज्वालाग्राही वायू असणाऱ्या ठिकाणी हा प्रकार उपयुक्त ठरतो.

कार्यतत्त्वाचे गणित

मेम्स संवेदक वस्तुतः प्रवेग मोजतो. तो स्थिर असताना त्याच्यावर केवळ गुरुत्वप्रवेग कार्य करतो. संवेदकाचा अक्ष आडवा असेल तर त्या दिशेने गुरुत्वाचा घटक शून्य असतो. अक्ष कलला की हा घटक 'गुरुत्वप्रवेग गुणिले कोनाची साइन' इतका होतो. लहान कोनांसाठी साइन व कोन जवळपास समान असल्याने गुरुत्वप्रवेगाच्या हजाराव्या भागाचा फरक म्हणजे सुमारे ०.०५७ अंशाचा कल होय.

यातून एक महत्त्वाची सूचना निघते. आडव्या अक्षाचा संवेदक एक अंशाने कलला तर नोंद गुरुत्वप्रवेगाच्या ०.०१७५ पटीने बदलते. तोच अक्ष उभा असेल तर एक अंशाच्या कलाने नोंद केवळ ०.०००१५ पटीने बदलते, म्हणजे संवेदनक्षमता शंभरपटींहून अधिक कमी होते. संवेदक कोणत्या दिशेने बसवला हे त्याच्या किमतीइतकेच महत्त्वाचे आहे. महाग उपकरण चुकीच्या दिशेने बसवले तर ते स्वस्त उपकरणापेक्षाही निरुपयोगी ठरते.

विभेदनक्षमता, अचूकता व स्थिरता

उपकरणांच्या माहितीपत्रकात 'विभेदनक्षमता ०.०००१ अंश' असे ठळकपणे छापलेले असते. खरेदी करणाऱ्यांचा येथे गैरसमज होतो. विभेदनक्षमता म्हणजे उपकरण ओळखू शकेल असा सर्वांत लहान फरक. अचूकता म्हणजे दाखवलेली किंमत खऱ्या किमतीच्या किती जवळ आहे. पुनरावर्तनीयता म्हणजे तीच स्थिती पुन्हा आली असता तीच नोंद मिळते की नाही. आणि दीर्घकालीन स्थिरता म्हणजे काहीही न हलता महिन्यांनंतर उपकरणाचे शून्य जागेवर राहते की नाही. बांधकामांच्या निरीक्षणात शेवटचा गुण सर्वांत मोलाचा आहे, कारण तेथे दोन मिनिटांतील फरक नव्हे तर दोन पावसाळ्यांतील फरक शोधायचा असतो.

चंद्रपूरच्या हवामानात या मुद्द्याला विशेष धार येते. उन्हाळ्यात येथील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि हिवाळ्याच्या पहाटे ते १० अंशांच्या आसपास येते. समजा, एखाद्या संवेदकाचे शून्य दर अंश सेल्सिअसला ०.००२ अंशाने सरकते. माहितीपत्रकावर हा आकडा नगण्य वाटतो. परंतु ३५ अंश सेल्सिअसच्या फरकाने शून्य ०.०७ अंशाने, म्हणजे सुमारे २५२ कोनीय सेकंदांनी सरकेल. वरील उदाहरणातील पाया खचल्याची खूण ४१ सेकंदांची होती. म्हणजे ऋतुबदलाने निर्माण झालेला आभास खऱ्या धोक्याच्या सहापट मोठा ठरतो. अशा उपकरणावर विश्वास ठेवला तर दर मे महिन्यात खोटा इशारा मिळेल, आणि दोन वर्षांनी खरा इशाराही कोणी मनावर घेणार नाही.

याशिवाय बांधकाम स्वतःही श्वास घेते. उन्हाने चिमणीची किंवा खांबाची एक बाजू तापते, प्रसरण पावते आणि खांब दुसऱ्या बाजूस किंचित वाकतो. संध्याकाळी तो परत येतो. म्हणून प्रत्येक संवेदकाशेजारी तापमापक असावा, पहाटेच्या एकाच वेळेच्या नोंदींची तुलना करावी आणि किमान एका पूर्ण वर्षाची आधाररेषा हाती आल्यावरच ऋतूंचा परिणाम वेगळा काढावा. तोपर्यंत संवेदक मुका ठेवावा असे नव्हे, तर त्याच्या बोलण्याचा अर्थ सावधपणे लावावा.

घुग्घुस : जमिनीखालची पोकळी

२६ ऑगस्ट २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथील आमराई वॉर्डात एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. घरातील माणसे वेळीच बाहेर पडल्यामुळे जीवितहानी टळली. परंतु परिसरातील अनेक कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली. या वस्तीच्या खाली पूर्वीच्या काळी भूमिगत कोळसा खाण चालत होती.

भूमिगत खाणीत कोळसा काढताना छत तोलण्यासाठी कोळशाचेच खांब सोडतात. खाण बंद झाल्यावर आत पाणी साचते, खांब व छताचा खडक कमकुवत होत जातो. छताचा थर पडतो, पोकळी वर सरकते, पुन्हा थर पडतो. ही पोकळी पृष्ठभागाच्या जवळ पोहोचली की वरची माती अचानक खाली कोसळते. जमीन खचण्याचा दुसरा प्रकार संथ असतो. विस्तीर्ण क्षेत्र बशीसारखे हळूहळू खाली बसते. अशा बशीच्या मध्यभागी जमीन सर्वाधिक खचते, पण तेथे कल जवळपास शून्य असतो. सर्वाधिक कल मध्य आणि काठ यांच्या दरम्यानच्या उतारावर असतो. 

कलमापक असता तर घुग्घुसची घटना आधी कळली असती काय? याचे प्रामाणिक उत्तर 'निश्चित सांगता येत नाही' असे आहे. संथ बशीच्या प्रकारात कलमापकांचे जाळे महिनोन्‌महिने आधी इशारा देऊ शकते. अचानक विवर पडण्याच्या प्रकारात घराच्या भिंतीवरील एकटा संवेदक शेवटच्या काही तासांपर्यंत, कदाचित मिनिटांपर्यंत, गप्प राहू शकतो. तेथे खरा उपाय जुन्या खाणींचे नकाशे, छिद्रे पाडून केलेली तपासणी व पोकळी भरून काढणे हाच आहे. छिद्रात वेगवेगळ्या खोलीवर बसवलेले कलमापक मात्र थर सरकू लागल्याची खबर पृष्ठभागाच्या आधी देऊ शकतात. त्यामुळे जेथे जुन्या खाणींवर वस्ती आहे, तेथे आधी नकाशा, मग छिद्र आणि मग संवेदक असा क्रम असावा.

खुल्या खाणी व मातीचे ढिगारे

वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड, म्हणजे परिचित नावाने वेकोलि, हिच्या चंद्रपूर, बल्लारपूर, माजरी व वणी भागांतील अनेक खाणी खुल्या पद्धतीच्या आहेत. कोळशावरील माती व खडक काढून त्यांचे ढिगारे रचले जातात. पावसाळ्यात या ढिगाऱ्यांत पाणी मुरते, कणांमधील पाण्याचा दाब वाढतो, घर्षण घटते आणि उतार सरकू लागतो. २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडमधील राजमहल खाणक्षेत्रात असाच प्रचंड उतार कोसळून २३ कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर आलेल्या कोळसा खाण विनियम, २०१७ मध्ये खुल्या खाणींच्या उतारांच्या शास्त्रीय अभ्यासाला महत्त्वाचे स्थान आहे.

उतारांवर नजर ठेवण्यासाठी परावर्तक लोलक व टोटल स्टेशन, उतारदर्शी रडार आणि छिद्रांतील कलमापकांची माळ ही साधने वापरतात. छिद्रातील माळेत ठरावीक अंतरावर संवेदक असतात. प्रत्येक खंडाची लांबी गुणिले त्याच्या कलाची साइन यांची बेरीज केली की उताराचे आडवे सरकणे कळते आणि तो नेमका कोणत्या खोलीवर घसरतो आहे हेही दिसते. रडार पृष्ठभाग पाहते, कलमापक पोट पाहतो. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत.

उतार कोसळण्याच्या वेळेचा अंदाज बांधण्यासाठी जपानी अभ्यासक फुकुझोनो यांनी १९८५ मध्ये मांडलेली व्यस्त वेगाची पद्धत प्रसिद्ध आहे. समजा, कलाचा वेग पहिल्या दिवशी दररोज १० कोनीय सेकंद, पाच दिवसांनी १२.५ आणि दहा दिवसांनी सुमारे १६.७ आढळला. या आकड्यांचे व्यस्त अनुक्रमे ०.१०, ०.०८ व ०.०६ होतात. दर पाच दिवसांनी ०.०२ ची घट होते. ही रेषा पुढे वाढवली तर ती पंचविसाव्या दिवशी शून्याला मिळते. म्हणजे वेग अमर्याद होण्याची, अर्थात उतार कोसळण्याची शक्यता त्या सुमारास आहे. पाऊस पडला किंवा सुरुंग उडाला तर हे गणित बदलते. तथापि एक तत्त्व यातून स्पष्ट होते. एकूण कल किती यापेक्षा तो वाढण्याचा वेग वाढतो आहे का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

खाणीत आणखी एक अडचण असते. मेम्स संवेदकाला गुरुत्व व हादरा यांतील फरक कळत नाही. सुरुंगाचा हादरा किंवा डंपरची ये-जा त्याला क्षणिक कल वाटते. म्हणून काही सेकंदांच्या अनेक नोंदींची सरासरी घेणे व सुरुंगाच्या वेळेच्या नोंदी वेगळ्या ठेवणे आवश्यक असते.

मेडीगड्डा : वाळूवरील खांब

गोदावरीवरील मेडीगड्डा बंधारा तेलंगणाच्या कालेश्वरम प्रकल्पाचा भाग आहे. त्याचे एक टोक तेलंगणात, तर दुसरे गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्लीच्या बाजूस आहे. ८५ दरवाजांचा, सुमारे १.६ किलोमीटर लांबीचा हा बंधारा जून २०१९ मध्ये कार्यान्वित झाला. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच्या सातव्या भागातील खांब खचले व बंधाऱ्यावरील पूल वाकला. त्यानंतर बंधाऱ्यातील पाणी सोडून देण्यात आले.

राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीने पाहणी करून दिलेल्या अहवालात पायाखालील वाळू वाहून जाणे व पाया खचल्याने खांब सरकणे, कलणे आणि त्यांना तडे जाणे अशी कारणमीमांसा केली. नियोजन, आराखडा व बांधकामाची गुणवत्ता यांबरोबरच कार्यान्वयनानंतरची तपासणी व देखभाल यांतील उणिवांवरही अहवालाने बोट ठेवले. पायाखालून वाळू निसटणे ही एका रात्रीत घडणारी गोष्ट नसते. पाणी वाट शोधते, वाट रुंदावते, पोकळी वाढते आणि मग भार पेलणारे क्षेत्र कमी होते. या प्रक्रियेत पाया सर्वत्र सारखा बसत नाही, तो एका अंगाने कलतो. येथेच कलमापकाला वाव आहे. प्रत्येक खांबावर दोन अक्षांचा संवेदक असेल तर शेजारच्या खांबांच्या तुलनेत वेगळे वागणारा खांब ओळखता येतो. ही तुलना विशेष उपयुक्त असते. ऊन, पाणी व तापमान सर्व खांबांना जवळपास सारखेच लागते, म्हणून जो एकटा वेगळ्या दिशेने जातो तोच संशयित.

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ ने विनिर्दिष्ट धरणांवर किमान उपकरणे बसवणे व त्यांच्या नोंदी ठेवणे ही मालकाची जबाबदारी ठरविली आहे. सीमेवरील बंधाऱ्यांबाबत एक प्रश्न मात्र उरतो. उपकरणे एका राज्याची, पण खालच्या व वरच्या बाजूची गावे दुसऱ्या राज्याचीही असतात. या बंधाऱ्याच्या फुगवट्याच्या पाण्याने शेती बाधित होत असल्याची तक्रार सिरोंचा तालुक्यातील शेतकऱ्यांनी वेळोवेळी केली आहे. ज्यांच्या शेतापर्यंत पाणी पोहोचते त्यांच्यापर्यंत खांबांच्या नोंदीही पोहोचल्या पाहिजेत. ही मागणी तांत्रिक नसली तरी न्याय्य आहे.

कारखाने व वारसा वास्तू

उद्योगात कलमापकांचा वापर केवळ धोका ओळखण्यापुरता नाही. सिमेंटची फिरती भट्टी साधारण तीन ते चार टक्के उतारावर बसवलेली असते. त्या उतारामुळे व फिरण्यामुळे माल पुढे सरकतो. भट्टीचे आधार असमान खचले तर उतार बदलतो, रोलरांवर भार वाढतो आणि आतील विटांचे अस्तर निसटते. कागद कारखान्यातील लांब रोलर समपातळीत नसतील तर कागदाचा ताण एका बाजूस जास्त येऊन तो फाटतो. अनुभवी फिटर ०.०२ मिमी प्रति मीटर संवेदनक्षमतेची पाणसळ वापरून हे काम वर्षानुवर्षे करीत आले आहेत. ही संवेदनक्षमता सुमारे ४ कोनीय सेकंदांची आहे. म्हणजे उच्च अचूकता आपल्या कारागिरांना नवीन नाही. यंत्र चालू असताना, रात्रंदिवस, न थकता नोंद घेणे ही संवेदकाची भर आहे.

वैनगंगेच्या काठचे मार्कंडा येथील मंदिर आणि चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाची जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर व बिनबा ही द्वारे यांनाही या तंत्राचा लाभ होऊ शकतो. जटपुरा गेटमधून शहराची मोठी वाहतूक जाते. इटलीतील पिसाचा मनोरा जानेवारी १९९० मध्ये बंद करून त्याच्या उंच बाजूखालील माती थोडी थोडी काढण्यात आली आणि सुमारे अर्ध्या अंशाने कल कमी करून डिसेंबर २००१ मध्ये तो पुन्हा खुला झाला. अर्ध्या अंशासाठी एवढी वर्षे लागली, कारण प्रत्येक पाऊल मापनाच्या आधारे टाकले गेले.

मर्यादा

१. कलमापक केवळ फिरणे मोजतो. संपूर्ण पाया सर्व बाजूंनी सारखा खचला तर कल शून्यच राहतो. म्हणून पातळीमापन व कलमापन सोबत हवे.
२. संवेदक ज्या पट्टीवर बसवला ती पट्टी सैल झाली तर बांधकाम कलल्याचा आभास होतो. एका खांबावर किमान दोन संवेदक असल्यास हा आभास ओळखता येतो.
३. जंगलव्याप्त भागात विजेचा खंडित पुरवठा, अपुरे मोबाइल नेटवर्क, कोसळणाऱ्या विजा आणि वायरी कुरतडणारे उंदीर या वास्तव अडचणी आहेत. सौर पटल, नोंदी जागीच साठविण्याची सोय व विजेपासून संरक्षण यांशिवाय यंत्रणा पहिल्या पावसाळ्यातच बंद पडेल.
४. संवेदक निर्णय घेत नाही. किती कलावर कोणी, कोणाला कळवायचे व कोणी जागा रिकामी करायची हे आधी ठरलेले नसेल तर नोंदी केवळ चौकशीच्या कामी येतात.

उपाययोजना

१. बंद भूमिगत खाणींवरील वस्त्यांचे नकाशे ग्रामपंचायत व नगरपरिषदांना उपलब्ध करून द्यावेत आणि धोक्याच्या जागी छिद्रांतील कलमापक बसवावेत.
२. मोठ्या नद्यांवरील पुलांच्या खांबांवर पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर कलाची नोंद अनिवार्य करावी. कायम संवेदक नसेल तेथे खांबावर धातूची पट्टी पक्की बसवून हाती धरण्याच्या कलमापकाने नोंद घेता येते. खर्च अल्प व फायदा मोठा आहे.
३. इशाऱ्याच्या तीन पातळ्या ठराव्यात : निरीक्षण वाढवा, काम थांबवा, जागा सोडा. प्रत्येक पातळीसाठी जबाबदार अधिकाऱ्याचे पद लेखी ठरवावे.
४. नोंदी मराठी, तेलुगू, गोंडी व माडिया भाषिक रहिवाशांना समजतील अशा स्वरूपात स्थानिक पातळीवर प्रसिद्ध कराव्यात.
५. गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स व भूगोल विभागांनी पदवी स्तरावर कलमापनाचा प्रकल्प द्यावा. दोन मीटर लांबीच्या ओळंब्यावर एक मिलिमीटरचे विस्थापन म्हणजे सुमारे ०.०२९ अंश होय. विद्यार्थ्याने आधी हे हाताने मोजावे, मग स्वस्त मेम्स चिपने मोजावे आणि चिपजवळ गरम पाण्याचे भांडे ठेवून शून्य कसे सरकते ते पाहावे. अचूकतेचा अर्थ पाठांतराने कळत नाही, तो अशा फजितीतून कळतो.

समारोप

या प्रदेशाने देशाला कोळसा, वीज, सिमेंट, कागद आणि लोहखनिज दिले. त्या बदल्यात येथील जमिनीखाली पोकळ्या आणि जमिनीवर ढिगारे उरले. घुग्घुसमधील कुटुंबांना वाचवले ते कोणत्याही उपकरणाने नव्हे, तर पायाखालची जमीन हलताच बाहेर धावण्याच्या त्यांच्या तत्परतेने. माणसाच्या पायांना हादरा जाणवेपर्यंत वाट पाहावी लागू नये, एवढीच शास्त्राकडून किमान अपेक्षा आहे. कलमापक संवेदक हा काही रामबाण उपाय नाही. योग्य जागी, योग्य दिशेने, तापमानाचा हिशेब ठेवून बसवलेला आणि ज्याच्या नोंदी कोणीतरी रोज वाचतो असा संवेदकच उपयोगी पडतो. गवंड्याच्या ओळंब्याबाबतही हेच खरे होते. ओळंबा खोटे बोलत नाही, पण तो खिशातच राहिला तर भिंत सरळ होत नाही.